एआर९२७१ चिपचे यूएसबी वायफाय ॲडॉप्टर: जुन्या नेटबुकसाठी आजही खात्रीची खरेदी

२००८ ते २०११ या काळात घेतलेली नेटबुके, म्हणजे छोटे, हलके लॅपटॉप, अजून पुष्कळ घरांत कपाटात पडून आहेत. त्यांतली बरीचशी बिघडलेली नाहीत. घरात फायबरचे नवे कनेक्शन आले, त्यासोबत नवा राउटर आला आणि त्या राउटरशी या यंत्रांचे जमेना, म्हणून ती बाजूला पडली. मी लिखाणासाठी अजूनही एसर ॲस्पायर वन हे ८.९ इंची पडद्याचे नेटबुक वापरतो. एटम एन२७० प्रोसेसर, एक जीबी रॅम आणि १०२४ गुणिले ६०० बिंदूंचा पडदा एवढाच त्याचा पसारा आहे; पण त्याचा कळफलक हाताला बसलेला आहे आणि वजन किलोभराच्या आसपास आहे. ते घरच्या वायफायला जोडण्यासाठी ॲथेरॉस कंपनीच्या एआर९२७१ चिपवर चालणारे, बाहेर अँटेना असलेले, कुठल्याही नामांकित ब्रँडचे नसलेले यूएसबी ॲडॉप्टर घेतले. त्याचाच हा अभिप्राय आहे, आणि तो अनुकूल आहे. मात्र ते का चालले हे समजल्याशिवाय असे ॲडॉप्टर घेणाऱ्याची निवड चुकू शकते, म्हणून आधी थोडे कारणांकडे वळतो.

नेटबुक नव्या वायफायला जोडले जात नाही, तेव्हा यंत्र म्हातारे झाले असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात अडचण प्रोसेसरच्या वेगाची नसतेच. राउटर आणि वायफाय कार्ड यांनी एकमेकांची ओळख पटवून घेण्याची जी पद्धत आहे, ती मधल्या काळात बदलली आहे. नेटबुके बाजारात आली तेव्हा डब्ल्यूपीए२ ही सुरक्षापद्धत रूढ होत होती. विंडोज एक्सपीमध्ये तर ती मुळातूनच समाविष्ट झाली २००८ च्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकपासून. २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ जाहीर झाली आणि २०२० च्या मध्यापासून वायफाय प्रमाणपत्र घेणाऱ्या नव्या उपकरणांना ती बंधनकारक झाली. या पद्धतीत राउटर आणि उपकरण यांच्यातले व्यवस्थापनाचे निरोपसुद्धा संरक्षित असावे लागतात. जुन्या ड्रायव्हरला, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, हे संरक्षण ठाऊकच नसते. त्यामुळे राउटरवर केवळ डब्ल्यूपीए३ निवडलेले असेल, तर पासवर्ड कितीही अचूक टाकला तरी जोडणी होत नाही, आणि पडद्यावर मात्र पासवर्ड चुकल्यासारखा निरोप येतो. डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ अशी मिश्र पद्धत ठेवली की जुनी उपकरणे जोडली जावीत अशी अपेक्षा असते, पण काही जुने ड्रायव्हर त्या मिश्र घोषणेनेही गोंधळतात.

दुसरी अडचण लहरींच्या पट्ट्याची. माझ्या नेटबुकमधले मूळ कार्ड ८०२.११जी पिढीचे आहे, म्हणजे ते २.४ गिगाहर्ट्झवरच बोलते आणि कागदोपत्री कमाल ५४ एमबीपीएस गाठते. आजचे राउटर २.४ आणि ५ असे दोन्ही पट्टे एकाच नावाखाली दाखवतात आणि कोणत्या उपकरणाने कुठे जावे हे स्वतः ठरवतात. फोनला ते सोयीचे असते, पण केवळ २.४ वर चालणाऱ्या यंत्राची त्यात ओढाताण होते. परदेशातून आणलेल्या नेटबुकांच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. अमेरिकी बाजारासाठी बनलेली कार्डे अकराव्या चॅनेलच्या (पट्ट्यातल्या क्रमांकित मार्गाच्या) पुढे ऐकत नाहीत, आणि आपल्याकडे राउटरने आपणहून बारावा किंवा तेरावा चॅनेल निवडला तर अशा यंत्राला ते नेटवर्क यादीत दिसतसुद्धा नाही. घरातले बाकी सगळे फोन व्यवस्थित चालत असल्यामुळे दोष नेटबुकवर येतो. भावाने किंवा मुलीने तिकडून पाठवलेले नेटबुक वापरणाऱ्या घरांनी हे आधी तपासावे.

आतले कार्ड काढून नवे बसवणे हा सरळ उपाय वाटतो, आणि काही नेटबुकांत तो खरोखर सोपा आहे, कारण त्यांच्या तळाशी दोन स्क्रूंचे झाकण असते. माझ्या मॉडेलला तशी सोय नाही. कार्डापर्यंत पोहोचायचे तर कळफलक उचलावा लागतो, वरचे आवरण सोडवावे लागते आणि मुख्य बोर्ड उलटा करावा लागतो. रॅम वाढवायची तरी हीच कसरत. पंधरा वर्षांहून जुन्या प्लास्टिकच्या खुंट्या या प्रकारात तुटतात, आणि त्या तुटल्या की आवरण पुन्हा घट्ट बसत नाही. शिवाय काही कंपन्यांचे बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर, आपल्या यादीबाहेरचे कार्ड पाहिल्यावर यंत्र सुरूच होऊ देत नाही. म्हणून बाहेरून लावायचे यूएसबी ॲडॉप्टर हाच शहाणपणाचा मार्ग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता वस्तूकडे. खोक्यात तीन गोष्टी निघतात: अंगठ्याएवढे काळे ॲडॉप्टर, फिरकीने बसणारी वीतभरापेक्षा जरा लहान अँटेना आणि ड्रायव्हरची छोटी सीडी. नेटबुकला सीडी ड्राइव्ह नसतेच, त्यामुळे ती सीडी या खरेदीत निरुपयोगी आहे. सुदैवाने तिची गरजही पडत नाही. ॲडॉप्टरच्या आवरणाची जोडरेघ ओबडधोबड आहे आणि दिवा गरजेपेक्षा प्रखर आहे, पण यूएसबीचे टोक पोर्टमध्ये घट्ट बसते आणि अँटेनाची फिरकी सैल नाही. हजार रुपयांच्या आतल्या वस्तूकडून याहून अधिक मागू नये.

नेटबुकवर डेबियन १२ या लिनक्स प्रणालीची ३२ बिटांची आवृत्ती आहे. एन२७० हा प्रोसेसर फक्त ३२ बिटांचा असल्याने निवडीला फारसा वाव नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये अशा यंत्रांसाठी इन्स्टॉलरच उरलेला नाही, म्हणून बारावी आवृत्ती जपून ठेवावी. ॲडॉप्टर लावल्यावर काय घडले ते नेमके सांगतो, कारण खरेदीची परीक्षा तिथेच होते. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, एलएसयूएसबी (lsusb) ही जोडलेली यूएसबी उपकरणे दाखवणारी आज्ञा दिल्यावर ०सीएफ३:९२७१ हा ओळखक्रमांक दिसला, म्हणजे आतली चिप खरोखर एआर९२७१ आहे याची खूण पटली. त्यानंतर यंत्राच्या डीमेसेजच्या (dmesg) नोंदींत एटीएच९के-एचटीसी (ath9k_htc) या ड्रायव्हरने फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारे सॉफ्टवेअर, मागितल्याची आणि सुमारे ५१ हजार बाइटची ती फाइल चिपमध्ये चढवल्याची ओळ आली. मग डब्ल्यूएलएक्स या अक्षरांनी सुरू होऊन पुढे ॲडॉप्टरचा हार्डवेअर पत्ता असलेले लांबलचक नाव धारण करून नवे वायफाय उपकरण उभे राहिले आणि परिसरातल्या नेटवर्कांची यादी पडद्यावर आली. काहीही डाउनलोड करावे लागले नाही, काहीही कंपाइल, म्हणजे स्रोतापासून तयार, करावे लागले नाही.

हे सहज घडले त्यामागे एक इतिहास आहे. या चिपचा ड्रायव्हर २०१० पासून लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यात, आहे, आणि तिच्या फर्मवेअरचा स्रोतही २०१३ मध्ये खुला झाला. वायफायच्या दुनियेत अशी उदाहरणे विरळा आहेत. डेबियनमध्ये हे फर्मवेअर मुक्त सॉफ्टवेअरच्या मुख्य विभागात मिळते. परिणामी कंपनीने चिप विसरली तरी तिला सांभाळणारे लोक आहेत, आणि जुन्या यंत्राच्या मालकाला नेमका हाच आधार हवा असतो.

म्हणूनच खोक्यावरचा वेगाचा आकडा पाहून ॲडॉप्टर घेऊ नये, चिप पाहून घ्यावे, हा आग्रह मी मनापासून धरतो. बाजारात नखाएवढी ॲडॉप्टरे सहाशे, नऊशे एमबीपीएस असे आकडे मिरवत स्वस्तात मिळतात. त्यांतल्या अनेकांच्या आत २.४ गिगाहर्ट्झची, एका अँटेनाची, जेमतेम १५० एमबीपीएसची चिप असते. दोन पट्ट्यांवर चालणारी काही नवी ॲडॉप्टरे रिअलटेकच्या आरटीएल८८११सीयू चिपवर असतात. ती लावल्यावर आधी स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून सादर करतात, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्यांच्या पोटातच ठेवलेला असतो. लिनक्सला त्यांना वेगळा आदेश देऊन वायफायच्या रूपात आणावे लागते. त्यावर पुन्हा या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला ६.२ आवृत्तीपासून, आणि डेबियन १२ चे कर्नल ६.१ आहे. म्हणजे ड्रायव्हर बाहेरून आणून एटम प्रोसेसरवर कंपाइल करणे आले, आणि प्रत्येक कर्नल अद्ययावत झाल्यावर तेच पुन्हा. आधुनिक लॅपटॉपवर ती ॲडॉप्टरे चांगली असतील. एक जीबी रॅमच्या यंत्राला ती त्रासाची आहेत. ज्यांना ५ गिगाहर्ट्झ हवेच आहे त्यांनी मीडियाटेकची एमटी७६१०यू किंवा एमटी७६१२यू चिप शोधावी, कारण त्यांचे ड्रायव्हर २०१८ पासून कर्नलमध्ये आहेत.

चिप पाहून घ्या म्हणणे सोपे आहे, पण दुकानात ते कठीण जाते, कारण खोक्यावर चिपचे नाव बहुधा नसते. मॉडेल क्रमांकावर विसंबणेही पुरेसे नाही. टीपी-लिंकचे टीएल-डब्ल्यूएन७२२एन हे याचे सर्वपरिचित उदाहरण आहे: पहिल्या आवृत्तीत एआर९२७१ होती, दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस आली, आणि मॉडेलचे नाव मात्र तेच राहिले. दुसऱ्या चिपचा लिनक्स ड्रायव्हर दीर्घकाळ कर्नलच्या कच्च्या विभागात होता. म्हणून मागच्या बाजूच्या चिठ्ठीवरचा आवृत्तीचा आकडा वाचावा, आणि ऑनलाइन घेताना विक्रेत्याने चिपचे नाव लिहून दिले असेल तरच घ्यावे, म्हणजे वेगळी निघाल्यास परत करता येते. पुण्यात तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोड अशा बाजारांत प्रत्यक्ष जाणाऱ्यांनी नेटबुक बरोबर न्यावे आणि काउंटरवरच ओळखक्रमांक पाहून पैसे द्यावेत. दुकानदारही सहसा हरकत घेत नाहीत.

ॲडॉप्टर चांगले असले तरी राउटरच्या बाजूने थोडी तयारी लागते. फायबर कंपनीच्या राउटरच्या पानावर जाऊन मी घरचे मुख्य नेटवर्क तसेच ठेवले आणि पाहुण्यांसाठी असलेले दुसरे नेटवर्क फक्त २.४ गिगाहर्ट्झवर, वेगळ्या नावाने सुरू केले. सुरक्षापद्धत डब्ल्यूपीए२ आणि सांकेतन एईएस, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ, आणि चॅनेल एक, सहा, अकरा यांपैकी सर्वांत कमी गजबजलेला. सोसायटीत भिंतीला भिंत लागून घरे असतात आणि प्रत्येक घरात राउटर असतो, तिथे ४० मेगाहर्ट्झ रुंदी घेतल्याने वेग वाढण्याऐवजी शेजाऱ्यांशी टक्कर वाढते. पाहुण्यांचे नेटवर्क वापरण्याचा आणखी एक लाभ असा, की जुने यंत्र घरातल्या बाकी उपकरणांपासून वेगळे राहते, आणि मुख्य नेटवर्कवर डब्ल्यूपीए३ निर्धास्तपणे ठेवता येते. मात्र घरातल्या प्रिंटरपर्यंत त्या नेटवर्कवरून पोहोचता येत नाही, हे लक्षात घ्यावे.

नेटवर्कला मराठी नाव देणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. वायफायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा असते आणि यूनिकोडच्या यूटीएफ-८ मांडणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, त्यात काना, मात्रा, वेलांटी वेगवेगळ्या मोजल्या जातात. म्हणजे जेमतेम दहा चिन्हांचे नाव बसते. लिनक्सवर असे नाव सुरेख दिसते आणि जोडणीही होते, पण एक्सपीच्या काळातल्या सॉफ्टवेअरवर त्याची अक्षरे विस्कटतात. नेटबुकसाठी ठेवलेल्या नेटवर्कचे नाव साध्या रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता द्यावे. मराठीचा अभिमान घरच्या मुख्य नेटवर्कच्या नावात खुशाल मिरवावा.

एक सल्ला अनेक ठिकाणी ऐकू येतो, आणि त्याला माझा ठाम विरोध आहे. जुने यंत्र जोडले जात नसेल तर राउटरवर डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी यांपैकी एखादी जुनी सांकेतनपद्धत निवडा, असे सांगितले जाते. डब्ल्यूईपी काही मिनिटांत फोडता येते हे जगजाहीर आहे, आणि टीकेआयपीही कधीच मोडीत निघाली आहे. शिवाय ८०२.११एन मध्ये टीकेआयपीबरोबर वरचे वेग वापरण्यास मनाई आहे, त्यामुळे टीकेआयपीवर जोडलेले उपकरण ५४ एमबीपीएसच्या पलीकडे जात नाही. एका नेटबुकासाठी सगळ्या घराची दारे उघडी टाकण्याचे काहीही कारण नाही. हे ॲडॉप्टर एईएससह डब्ल्यूपीए२ विनातक्रार चालवते, म्हणून तर ते घ्यायचे.

वेगाबद्दल वास्तव अपेक्षा ठेवावी. खोक्यावर १५० एमबीपीएस लिहिलेले असले तरी २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर एका अँटेनाची कमाल जोडणी ७२ एमबीपीएसची, आणि प्रत्यक्ष डाउनलोड त्याच्या निम्म्याच्या आसपास. मूळ कार्डावर हाच आकडा कागदावरच्या ५४ पैकी विशीत असायचा. ईमेल, वृत्तपत्रे, विकिपीडिया आणि मजकूर साठवण्याच्या सेवा यांना इतका वेग पुरून उरतो. व्हिडिओ अडकतो तो प्रोसेसरमुळे. मला वेगापेक्षा पल्ला अधिक महत्त्वाचा वाटला. राउटर दिवाणखान्यात आहे आणि मी लिहायला मागच्या गॅलरीत बसतो. मध्ये दोन भिंती असूनही जोडणी टिकून राहते, मूळ कार्डाला तिथे नाव तेवढे दिसायचे. आणखी एक लाभ घरातल्या इतरांना होतो: ८०२.११जी चे कार्ड तेवढाच मजकूर पाठवायला हवेतला अधिक वेळ व्यापते, आणि त्या वेळात त्याच चॅनेलवरची बाकी उपकरणे थांबून असतात. एन पिढीचे ॲडॉप्टर लावल्यावर तो खोळंबा कमी होतो.

वायफाय जोडले गेल्यावरही संकेतस्थळे उघडत नाहीत अशी तक्रार पुष्कळांची असते, आणि तिचा ॲडॉप्टरशी संबंध नसतो. इतक्या वर्षांत बोर्डावरचा घड्याळाचा सेल संपलेला असतो, त्यामुळे यंत्र बंद करून चालू केले की तारीख कित्येक वर्षे मागे जाते. त्या तारखेला आजची सुरक्षा प्रमाणपत्रे अस्तित्वातच आलेली नसल्याने ब्राउझर प्रत्येक पानाला असुरक्षित ठरवतो. तारीख सुधारली की पाने उघडतात. एक्सपीवर राहणाऱ्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे: त्याचे अद्ययावतीकरण ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले, इंटरनेट एक्सप्लोरर ८ ला टीएलएस १.२ ही संकेतस्थळांची सुरक्षापद्धत येत नाही, आणि फायरफॉक्सची एक्सपीवर चालणारी शेवटची आवृत्ती २०१८ ची आहे. अशा यंत्राला वायफाय मिळवून देणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, पण मी तसे करणार नाही आणि कोणाला सुचवणारही नाही. आधी लिनक्स, मग ॲडॉप्टर, हाच क्रम ठेवावा.

आता उणिवा. अँटेना बाहेर आल्यामुळे नेटबुक पिशवीत टाकताना ॲडॉप्टर दर वेळी काढावे लागते, आणि न काढता उचलले तर धक्क्याचा सगळा भार यूएसबी पोर्टवर येतो. हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेंशन केबल लावली की हा धोका टळतो आणि अँटेना उंचावर ठेवता येत असल्याने सिग्नलही सुधारतो. सतत वापरात ॲडॉप्टर बऱ्यापैकी तापते. बॅटरीवर चालवताना त्याची भूक जाणवते. सर्वांत त्रासदायक गोष्ट म्हणजे यंत्र झोपवून पुन्हा जागे केल्यावर ॲडॉप्टर कधीकधी नेटवर्क शोधतच नाही. अशा वेळी ते काढून पुन्हा लावावे, किंवा मॉडप्रोब आज्ञेने एटीएच९के-एचटीसी हा ड्रायव्हर उतरवून पुन्हा चढवावा, म्हणजे लगेच सुरू होते. ज्यांना टर्मिनलची सवय नाही त्यांनी झोपवण्याऐवजी यंत्र पूर्ण बंद करण्याची सवय लावून घ्यावी.

दुकानातून योग्य चिप मिळेपर्यंत नेटबुक अडवून ठेवण्याची गरज नाही. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने जोडून त्यातले यूएसबी टेदरिंग सुरू केले की डेबियन त्याला केबलचे नेटवर्क समजून लगेच जोडून घेते, आणि फोन त्या वेळी घरच्या वायफायवर असेल तर मोबाइल डेटा खर्च न होता तेच वायफाय, डब्ल्यूपीए३ सकट, नेटबुकपर्यंत पोहोचते. ॲडॉप्टर आल्यावर फोन मोकळा होतो.